बांबूतले शिसे आणि मावशीचा दमा

माझ्या मावशीला दमा आहे. गेल्या आठवड्यात तिच्याकडे गेलो, तेव्हा देवघराची खिडकी घट्ट लावलेली होती, धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर ऊद आणि राळ जळत होती आणि ती पदर नाकाशी धरून खोकत होती. व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरणारा निरोप अखेर तिच्यापर्यंत पोहोचला होता: उदबत्तीच्या बांबूत शिसे असते, बांबू जाळल्याने वंश जळतो, शास्त्रात उदबत्ती नसून धूपच आहे आणि धुपाचा धूर घरात कोंडला की हवा शुद्ध होते.

बांबू हे गवत आहे. त्याची काडी मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निनची असते. शिसे हा तिचा घटक नव्हे. दूषित जमिनीतून ते कोणत्याही वनस्पतीत उतरू शकते, पण मग बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी खाण्याविरुद्ध हा निरोप चकार शब्द का काढत नाही? वंशाचे म्हणाल तर संस्कृतात ‘वंश’ म्हणजे बांबूही आणि कुळही. एका श्लेषावर एवढी भीती उभी केली आहे.

शास्त्राचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे मान्य करावे लागते. षोडशोपचारांत धूप आहे आणि वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील गंधयुक्तीच्या अध्यायात धुपाच्या कृतीही आहेत. मात्र बाजारातल्या बिनकाडीच्या धूपकांडीतही बहुधा उदबत्तीसारखाच कोळसा, लाकडाचा भुसा आणि कृत्रिम सुगंध असतो.

खरा संताप येतो तो शेवटच्या मुद्द्याचा. काही धुरांनी हवेतले जिवाणू कमी होतात, म्हणून तो धूर श्वासात घेण्याजोगा होत नाही. काडी असो वा नसो, अर्धवट जळणाऱ्या प्रत्येक सुगंधी द्रव्यातून सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात, आणि निखाऱ्यांची त्यात भरच पडते. सिंगापूरमधील ६१,३२० चिनी वंशाच्या स्त्रीपुरुषांच्या दीर्घ पाहणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. घरात दीर्घकाळ धूप-उदबत्ती जाळणाऱ्यांत श्वसनमार्गाच्या स्क्वॅमस (म्हणजे अस्तरातल्या चपट्या) पेशींच्या कर्करोगाचा धोका वाढलेला आढळला. फुप्फुसाच्या एकूण कर्करोगात मात्र तशी वाढ दिसली नाही, हेही सांगायला हवे. परंतु दम्याच्या रुग्णाला कर्करोगापर्यंत थांबावे लागत नाही. कोंडलेल्या धुराने श्वासनलिका तासाभरात आवळते, आणि त्या दुपारी मावशीला दोनदा पंप घ्यावा लागला.

धुपाटणे मी उचलून अंगणात ठेवले. आता तिच्या देवापुढे समई आणि फुले असतात. उदबत्ती फक्त सणाला, तीही खिडकी सताड उघडून.