फोटोतलं पाणी तपकिरी का आहे, मामा?

मामांनी काल चौथ्यांदा तोच मेसेज पाठवला. ‘नद्यांचं पाणी समुद्रात जातं म्हणजे वाया जातं. थेंबन्‌थेंब अडवा, नद्या सरळ करा, सरासरी एकदा मोजून पाणी कायमचं वाटून टाका. पर्यावरणवाल्यांसाठी बारा महिने एक धार सोडली की झालं.’ खाली नदीच्या मुखाचा विमानातून काढलेला फोटो. मामा स्वतः इंजिनिअर, म्हणून जास्तच चिडचिड होते.

आधी ते ‘वाया’. फोटोतलं पाणी तपकिरी दिसतंय ते गाळामुळे. त्रिभुज प्रदेशाची जमीन याच गाळाची असते आणि ती आपल्याच वजनाने दबत, खचत राहते. वरून नवा थर आला नाही की समुद्र आत सरकतो. सिव्हित्स्की या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात जगभरच्या नद्यांचा हिशेब मांडला. माणसाच्या उद्योगांमुळे जमिनीची धूप वाढली आणि नद्यांमधला गाळ वर्षाला सुमारे २३० कोटी टनांनी वाढला. तरीही किनाऱ्याला पोचणारा गाळ १४० कोटी टनांनी घटला! उरलेला अडकला जलाशयांच्या तळाशी. म्हणजे किनारा उपाशी, आणि ज्या धरणात थेंबन्‌थेंब साठवायचा त्याची जागाही गाळ खातोय.

नाईलचंच घ्या. आस्वानच्या मोठ्या धरणाने १९६४ पासून पूर अडवला. त्याआधी पुरासोबत आलेल्या पोषकद्रव्यांवर मुखाजवळ सूक्ष्म वनस्पती माजायच्या आणि त्या खायला सार्डिन माशांचे थवे यायचे. १९६२ साली सुमारे १८ हजार टन सार्डिन मिळाली होती; ते दशक संपेपर्यंत हजार टनही मिळेना. पुढे तिथली मासळी बरीच सावरली, पण अभ्यासक त्याचं श्रेय मुख्यतः शेतातल्या खतांना आणि शहरांच्या सांडपाण्याला देतात. हा काही अभिमानाने सांगायचा पर्याय नव्हे.

आता नाइलाजाने कबूल करतो: १९८० च्या दशकातल्या दुष्काळात इजिप्तला तारलं ते याच धरणाने. साठवण लागतेच. भांडण ‘थेंबन्‌थेंब’शी आहे.

नद्या सरळ करा? फ्लोरिडातल्या किसिमी नदीची १६६ किलोमीटरची वळणं १९६२ ते १९७१ या काळात सरळ करून ९० किलोमीटरचा कालवा केला. मग पाणथळी सुकल्या, पाणपक्षी गेले, आणि ज्या लष्करी अभियंत्यांनी तो खणला त्यांनाच त्याचा मोठा भाग पुन्हा बुजवावा लागला. काम २०२१ साली संपलं.

सरासरीचं तर विचारूच नका. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचं पाणी १९२२ साली वाटलं, ते नेमक्या भरपूर पाण्याच्या वर्षांच्या नोंदी धरून. झाडांच्या खोडातल्या वाढवलयांवरून १९७६ साली मागच्या काही शतकांत नदीला किती पाणी होतं याचा अंदाज काढला, तर खरी सरासरी बरीच कमी निघाली. कागदावरचे हक्क मात्र तसेच.

राहिली ती बारमाही धार. नदीतल्या जिवांना पाणी किती यासोबत कधी, किती दिवस आणि किती वेगाने चढतं-उतरतं हेही लागतं. कोलोरॅडोच्या सुकलेल्या त्रिभुज प्रदेशात २०१४ च्या मार्चपासून साधारण आठ आठवडे सुमारे १३ कोटी घनमीटर पाणी मुद्दाम सोडलं. वेळ निवडली ती काठावरच्या कॉटनवुड आणि विलोच्या झाडांचं बी गळतं तेव्हाची. ओल्या गाळात रोपं उगवली. मे महिन्यात ते पाणी समुद्राला मिळालं. अमेरिका आणि मेक्सिको या दोन देशांनी रीतसर करार करून ते ‘वाया’ घालवलं होतं.