जारवांना बिस्किट दाखवून फोटो? अंदमानच्या त्या फॉरवर्डबद्दल

सुट्ट्यांची बुकिंगं सुरू झाली की 'अंदमानात भारी फोटो कसे काढाल' हा मेसेज फिरायला लागतो, काल फॅमिली ग्रुपवर काकांनीही टाकला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिलीच टिप: बारातांग बेटाच्या रस्त्यात जारवा आदिवासी दिसतात, काच खाली करून बिस्किट दाखवा, मस्त पोझ देतात. अहो, राणीची बाग आहे का ती? तो रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो, जिरकाटांगच्या चेकपोस्टवरून गाड्या ताफ्यानेच सोडतात, मध्ये थांबायचं नाही, खायला द्यायचं नाही, फोटो तर नाहीच. आमच्या ड्रायव्हरने आधीच सगळ्यांचे मोबाईल बॅगेत टाकायला लावले, तरी मागच्या सीटवरच्या एकाने काचेला चिकटवलाच, तर तो आरशात बघून एवढंच म्हणाला, "साब, गाडी मेरी पकडेंगे." २०१२ मध्ये जारवा बायकांना खाऊच्या बदल्यात नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आला आणि जगभर शोभा झाली, ती याच बिस्किटवाल्या डोक्यामुळे. वर १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ येऊन गेलीय, आपल्याला किरकोळ वाटणारा आजार त्यांना झेपेलच असं नाही.

'सरकारी रस्ता आहे, कायदा लागत नाही' म्हणे. लागतो. आदिवासींच्या संरक्षणाचं १९५६ चं रेग्युलेशन २०१२ मध्ये अजून कडक केलंय, राखीव भागात शिरून फोटो-व्हिडिओ काढले तर ३ वर्षांपर्यंत कैद.

मग मेसेजमधली पुढची टिप: 'मेलेलं कोरल' (प्रवाळ) हातात धरून फोटो काढा आणि आठवण म्हणून घरी न्या. कोरल वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, मेलेलं म्हणून सूट नाही, एअरपोर्टवर बॅग उघडायला लावतात. आणि नील बेटावर नॅचरल ब्रिजकडे (खडकाच्या नैसर्गिक कमानीकडे) ओहोटीत जाताना नीट बघून चाला, मला ते आपल्या कोकणातल्या कातळासारखं वाटलं, बिनधास्त पाय ठेवला, गाईड असा ओरडला की सगळे वळून बघायला लागले, कारण खाली जिवंत कोरल होतं.

ड्रोन परवानगीशिवाय नको, तिथे तिन्ही सैन्यदलं आहेत, विषय संपला.

राहिला हॅवलॉक बेटावरच्या राधानगर बीचचा सनसेट, मेसेजमध्ये 'साडेसहाला पोचा' लिहिलंय. घड्याळ आपलंच असलं तरी बेटं पार पूर्वेला आहेत, डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, साडेचारलाच जाऊन बसा. आम्ही सहाला गेलो, आमचा एकमेव सनसेट फोटो म्हणजे मोबाईलच्या टॉर्चमध्ये वाळूत चप्पल शोधणारी बायको.