पात्यावरचे झाकण जाते कुठे?

घरात फर्निचरचे काम निघाले की प्लायच्या तुकड्याखाली हातातला कटर उलटा आवळून, त्याच्या बटणाला चिकटपट्टी गुंडाळून जे टेबल उभे केले जाते, त्याला करवतयंत्र म्हणण्याचे धाडस मला होत नाही. मिनिटाला १०,००० हून अधिक फेरे घेणारे पाते उघडे, आणि झाकण मात्र ‘मध्ये येते’ म्हणून पहिल्याच दिवशी अडगळीत! पात्यामागे चीर उघडी ठेवणारी पातळ पट्टी नसली, तर लाकूड मिटून पाते पकडते आणि फळी थेट कारागिराच्या पोटावर उसळते, हे कितीदा सांगितले तरी उत्तर ठरलेले: ‘साहेब, इतक्या वर्षांत काही झाले नाही.’ अरुंद पट्टी पुढे सरकवायला टाकाऊ प्लायची एक काठी पुरते, पण तिथेही बोटेच. वर सुरक्षेचा आव म्हणून हातमोजे, जे पात्यात अडकले तर हातालाच आत ओढतात. कारखान्यात यंत्रांच्या धोकादायक भागांना आवरण हवे, हे कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम २१ नेच सक्तीचे केले होते. फ्लॅटच्या दिवाणखान्यात मात्र ते विचारायला कोणी येत नाही, आणि मजुरीची घासाघीस करणाऱ्या घरमालकाला उघडे पाते खटकतही नाही.