कमानीपेक्षा पोरींचा पास काढूया

गेल्या महिन्यात आमच्या बॅचचं स्नेहसंमेलन झालं. छत्रपती शिवाजी कॉलेज, सातारा, बी.ए. १९९२. तीस वर्षांहून जास्त काळ गेल्यावर आम्ही ६३ जण जमलो. काहींना आवाजावरून ओळखलं, काहींना नाव सांगितल्यावरही ओळखलं नाही. पोवई नाक्यावरून चालत कॉलेजकडे निघाले आणि समोर अजिंक्यतारा दिसला, तेव्हा घसा दाटून आला. दिवस फार सुंदर गेला. तरी दोन गोष्टी मनात सलत राहिल्या आहेत. ग्रुपमध्ये नसलेल्या मित्रमैत्रिणींपर्यंतही त्या पोचाव्यात म्हणून इथे लिहिते आहे.

पहिली गोष्ट सत्काराची. कार्यक्रम आम्हीच ठरवला होता, त्यामुळे चूकही आमचीच, माझ्यासकट. सात जणांना शाल-श्रीफळ दिलं. कुणी उपजिल्हाधिकारी, कुणी प्राध्यापक, एकाचा नवी मुंबईत ट्रकांचा मोठा व्यवसाय. सातही जणांचा मला मनापासून अभिमान आहे. ट्रकवाल्याचे वडील मशीद बंदरला माथाडी होते, पाठीवर पोती वाहून त्यांनी लेकाला शिकवलं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण मागच्या रांगेत आमचा एक मित्र बसला होता. एसटीत २९ वर्षं कंडक्टर. पाटणच्या डोंगरातल्या मुक्कामी गाड्या त्याने वर्षानुवर्षं केल्या. शाळेची पोरं फाट्यावर पोचली नसतील तर घंटी मारायचा नाही, ड्रायव्हर कितीही कुरकुरला तरी. त्या पोरांतली किती आज नोकरीला आहेत, याचा हिशेब कोण ठेवणार? त्याच्या शेजारी पालघरकडच्या आश्रमशाळेत उभा जन्म काढलेला मास्तर होता. पलीकडे अपशिंग्याचा निवृत्त सुभेदार. या तिघांना आम्ही टाळ्या वाजवायला बसवलं होतं.

आणि माझी बाकावरची मैत्रीण. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत तिचं लग्न लावून दिलं आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. दोन लेकरं मोठी केली आणि मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून वयाच्या ३८व्या वर्षी ती बी.ए. झाली. आज अंगणवाडी सेविका आहे. तिला आमंत्रणच गेलं नव्हतं, कारण यादी आम्ही शेवटच्या वर्षाच्या निकालावरून केली होती. मी गाडीत घालून आणली म्हणून ती आली. दिवसभर पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, आणि निघताना म्हणाली, "मी तुमच्या फोटोत उभी राहू का गं?" त्या प्रश्नाने मला अजून झोप लागत नाही.

दुसरी गोष्ट कमानीची. बॅचतर्फे कॉलेजला काहीतरी द्यायचं ठरलं. चर्चा सुरू झाली आणि अर्ध्या तासात प्रवेशद्वाराला कमान उभारायची, तिच्यावर बॅचचं वर्ष आणि खाली देणगीदारांची नावं पितळी अक्षरांत, असं जवळजवळ नक्की झालं. अंदाज नऊ लाखांचा. मी त्या दिवशी गप्प बसले. आज बोलते.

ज्या कॉलेजच्या दारात आपण नावं कोरायला निघालोय, त्या कॉलेजच्या नावाचीच गोष्ट आठवा. १९४७ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी, म्हणजे आपल्या अण्णांनी, ते सुरू केलं. मोठी देणगी देऊ करणाऱ्या एकाने नाव बदलायची अट घातली, तेव्हा एक वेळ बापाचं नाव बदलेन पण कॉलेजला दिलेलं शिवाजी महाराजांचं नाव बदलणार नाही, असं सांगून अण्णांनी ती देणगी परत पाठवली. साताऱ्यात ही गोष्ट ऐकल्याशिवाय कुणी पदवीधर होत नाही. १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली, ती काही कुणा धनिकाच्या थैलीवर नाही. गावोगावच्या बायाबापड्या रोजच्या धान्यातलं मूठभर बाजूला काढून ठेवायच्या, तो मुष्टिफंड. साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची पोरं एकत्र राबायची, एका पंगतीत जेवायची. त्या पोरांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीवहिनींनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. मूठभर जोंधळा देणाऱ्या त्या बायांची नावं कुठल्याही कमानीवर नाहीत, आणि आपण शिकलो ते त्यांच्या जिवावर.

‘कमवा आणि शिका’ ही तर अण्णांनी महाराष्ट्राला दिलेली केवढी मोठी गोष्ट! सुरुवातीच्या पोरांनी खडी फोडली, शेतं कसली आणि फी भरली. बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. माझ्या वेळी काम हलकं होतं. मी ग्रंथालयात पुस्तकांना पुठ्ठे चिकटवायचे, क्रमांक घालायचे. हातांना खळीचा वास यायचा. महिन्याअखेरीस मिळायचे त्या पैशांत वह्या आणि पुस्तकं भागायची. एसटीच्या पासाचे पैसे मात्र आई अंडी विकून द्यायची. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावातून रोज जाऊन-येऊन करायचं होतं. एका पावसाळ्यात कोंबड्यांना मर लागली आणि त्या महिन्यात माझा पास निघाला नाही. मी अकरा दिवस घरी होते. बारावा दिवसही घरीच गेला असता, तर कदाचित पुढचं सगळंच घरी गेलं असतं. शेजारच्या काकूंनी पैसे दिले. आज मी बँकेत अधिकारी आहे, ती त्या एका पासामुळे.

आता काळ बदललाय असं कुणी म्हणेल. बदललाय, पण पुरता नाही. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास मोफत आहे तो बारावीपर्यंत. त्यापुढे सवलत असली तरी पैसे भरावे लागतात. म्हणजे पोरगी कॉलेजात पाय ठेवते, नेमकी तेव्हाच घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात आणि नेमका तेव्हाच पासाचा खर्च सुरू होतो. माण-खटावच्या, जावळीच्या पोरीसाठी हे दोन्ही एकाच वेळी येणं किती घातक असतं, ते मला कुणी सांगायला नको.

आयआयटी मुंबईच्या १९९८च्या बॅचने संस्थेला ५७ कोटी देण्याचं जाहीर केलं. नंदन निलेकणी यांनी एकट्याने २०२३ मध्ये ३१५ कोटी दिले. चांगलंच केलं. पण त्या बातम्या वाचून ‘आपल्याला काय जमणार’ म्हणत आपण हात झटकतो, ते मला पटत नाही. साधा हिशेब करा. आपण ६० जणांनी महिन्याला हजार रुपये काढले तर वर्षाचे ७ लाख २० हजार होतात. यात कितीतरी पोरींचे पास, मेसची बिलं, परीक्षा फॉर्म निघतील, आणि पुढच्या वर्षी पुन्हा निघतील. पैसे रीतसर कॉलेजच्या खात्यात, पावती घेऊन, ‘कमवा आणि शिका’मधल्या मुलामुलींसाठी म्हणून द्यायचे. कुणाला द्यायचे ते प्राध्यापक ठरवतील, त्यांना घरची परिस्थिती माहीत असते. आणि पोरांना स्टेजवर बोलावून, चेक हातात देऊन फोटो काढायचे नाहीत. एवढी एक अट मी हट्टाने धरणार आहे. मदत घेताना मान खाली जाते, तो अनुभव मला आहे.

कमानीचा आग्रह धरणाऱ्या आपल्या ट्रकवाल्या मित्राला मी परवा फोन केला. भांडायच्या तयारीनेच केला होता. तो म्हणाला, "अगं, म्हाताऱ्याचं नाव कुठंतरी लागावं एवढंच वाटतं गं. जन्मभर नुसता नंबर होता तो, बिल्ल्यावरचा." मला बोलता येईना. मग त्याला माझ्या अकरा दिवसांबद्दल सांगितलं. बराच वेळ तो गप्प राहिला आणि मग विचारलं, "मेसचं बिल किती येतं गं आता, एका पोराचं?"

येत्या २२ सप्टेंबरला, कर्मवीर जयंतीच्या दिवशी, आम्ही काही जण प्राचार्यांना भेटायला जाणार आहोत. ज्यांना जमेल त्यांनी सकाळी दहाला कॉलेजात या. आणि यादी नव्याने करतो आहोत, यावेळी निकालावरून नाही, १९८९च्या पहिल्या वर्षाच्या हजेरीपटावरून. मध्येच कॉलेज सोडावं लागलेले कुणी तुमच्या गावात, नात्यात, ओळखीत असतील तर मला मेसेंजरवर कळवा. त्यांना फोन मी स्वतः करणार आहे.