न्हाणीच्या चुलीत प्लास्टिक घालणं म्हणजे रीसायकल नव्हे

कोकणातल्या गावांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘रीसायकल म्हणजे वापरलेलं पुन्हा वापरणं. ते आपल्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या. आपण बाटलीत कोकमाचा आगळ भरतो, तळणीचं तेल फेकत नाही, प्लास्टिक न्हाणीच्या चुलीत घालून पाणी तापवतो. उरलेल्यावर त्रिकोणी बाण असतोच, म्हणजे ते कारखान्यात जाणार. कचरा वेगळा करायचं नाटक आपल्याला नको.’ वाचायला हे गोड लागतं. म्हणूनच एकेक मुद्दा घेतो.

आज्यांचा मुद्दा निम्मा खरा आहे, आणि त्या निम्म्याचा मला अभिमान आहे. एका माडाचं किती व्हायचं! झावळांची झापं, हिरांचा खराटा, सोडणाचा काथ्या, करवंट्या चुलीत आणि चुलीतली राख परत माडाच्या आळ्यात. हापूस भाताच्या पेंढ्यात पिकायचा, पेंढा गोठ्यात जायचा, तिथून शेणखतात. पण हे जमत होतं ते माल कुजणारा होता म्हणून. सुती आणि तागाची जाळी जाऊन नायलॉनची आली, तरी सवय तीच राहिली: फाटलं जाळं परसातल्या भाजीभोवती, विहिरीवर. चांगलंच आहे. मात्र ते जाळं तिथे कुजत नाही, त्याचे तुकडे होतात. आणि जे समुद्रातच सुटतं ते मासे धरायचं थांबत नाही. अशा जाळ्यात अडकून वल्ह्यांसारखे पाय कापले गेलेली कासवं आपल्याच किनाऱ्यावर येऊन लागतात.

बाटलीत आगळ भरणं हा पुनर्वापर. बाटलीचं आयुष्य वाढतं, एक नवी बाटली वाचते. रीसायकलिंग सुरू होतं ते बाटली कोणीतरी गोळा केली, धुतली, तुकडे करून वितळवली की. तिथेही माल-मालात फरक आहे. भंगारातलं अॅल्युमिनियम वितळवलं तर खनिजापासून नवं काढण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, आणि ते पुन्हा पुन्हा वितळवता येतं. पाण्याच्या बाटलीचा बहुतेक वेळा पॉलिस्टरचा धागा होतो आणि त्या कापडाची पुढे सहसा बाटली होत नाही.

आता तो त्रिकोण. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. तीन बाणांचं मूळ चिन्ह १९७० मध्ये गॅरी अँडरसन या अमेरिकन विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढलं. १९८८ मध्ये तिथल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने तसल्याच बाणांच्या आत १ ते ७ आकडे घालायला सुरुवात केली. आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो: १ म्हणजे पेट, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरिन. ते परत वापरात येईलच, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. लोकांचा गोंधळ होतो म्हणून २०१३ मध्ये तिथल्या मानकात बाणांच्या जागी साधा त्रिकोण आला.

आकडा ६ पाहायचा असेल तर हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरावर थर्माकोलच्या पेट्या पाहा. थर्माकोल बहुतांशी हवाच असतो. टेम्पो शिगोशीग भरला तरी वजन भरत नाही, घाट चढवून नेण्याचं भाडंही सुटत नाही. वर मासळीचा वास. भंगारवाला पाण्याच्या बाटल्या उचलतो आणि त्या पेट्यांकडे बघतही नाही, याचं कारण हे आहे. वेफर्सच्या पाकिटांचंही तेच, त्यात प्लास्टिक आणि धातूचा थर एकमेकांना चिकटवलेले असतात.

न्हाणीच्या चुलीचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं, कारण ती फुंकायला घरातली बाईच बसते. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी विषं निघतात. धूर तिच्या छातीत जातो, आणि राख आपण जुन्या सवयीने माडाच्या आळ्यात टाकतो. पाणी तापतं एवढ्यावरून याला रीसायकल म्हणायचं?

तेलाचं थोडक्यात. पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलात घातक घटक वाढत जातात. ते मोजायचं माप म्हणजे ‘टोटल पोलर कंपाउंड्स’; अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे, तीही १ जुलै २०१८ पासून लागू. त्यापुढचं तेल बायोडिझेलसाठी द्यायचं असतं. किनाऱ्यावरच्या खानावळींनी उरलेल्या तेलात दुसऱ्या दिवशी बांगडे तळायचे नसतात.

‘रीसायकल’ हा शब्द एक म्हणून काम एक होत नाही, हे कॉम्प्युटर-मोबाइलवरही दिसतं. कॉम्प्युटरच्या रीसायकल बिनमध्ये टाकलेली फाइल नुसती पडून असते. बंद पडलेला मोबाइल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, त्यालाही रीसायकल म्हणतात. मुंबईतला जुना नंबर सोडलेल्या चाकरमान्यांनी तो बँकेतून आधी काढून घ्यावा.

राहिला शेवटचा मुद्दा, की कचरा वेगळा करायचं नाटक आपल्याला नको. वेंगुर्ला नगरपरिषदेने तो कधीच खोडला आहे. तिथे डंपिंगच्या जागेवर कचरा जातीजातीने वेगळा झाला, ओल्यापासून बायोगॅस निघाला, प्लास्टिकचा भुगा रस्त्याच्या डांबरात गेला. छोटं गाव, आपल्यासारखंच दमट हवामान, तोच चार महिन्यांचा पाऊस. पण बायोगॅसच्या टाकीत पिशव्या चालत नाहीत आणि आमटीने माखलेली पिशवी भंगारवाला घेत नाही, म्हणून पहिली विभागणी स्वयंपाकघरातच करावी लागते.