‘सोसायटी होऊ द्या, मग गळतीचं बघू’ या सल्ल्याला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की नव्या इमारतींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच. सोसायटी अजून नोंदलेली नाही, कारभार बिल्डरने नेमलेल्या कमिटीकडे आहे, पाठपुरावा ती करते, तेव्हा गळती-भेगांच्या तक्रारी एकेकट्याने करू नका, कोणी विचारत नाही; एकत्र आलात तर बळ वाढतं. ताबा घेताना आपण ‘तक्रार नाही’ म्हणून सही केलेली आहे. पाच वर्षांची हमी कॉलम-बीमपुरतीच असते. बिल्डर दुखावला तर सोसायटी करून देणार नाही, बाहेर बोभाटा झाला तर फ्लॅटचे भाव पडतील. आणि मुदतीची काळजी नको, सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की ती संपत नाही.

मी पुण्याजवळ रावेतला अकराव्या मजल्यावर राहते. एप्रिल २०२२ मध्ये ताबा घेतला. हा मजकूर खरा मानून दोन पावसाळे गप्प बसले. त्या दोन वर्षांची भरपाई मला कोणी देणार नाही. निदान दुसऱ्या कोणाची वर्षं अशी जाऊ नयेत, म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

‘सोसायटीशिवाय तक्रार करता येत नाही.’ सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने केलंय. रेरा म्हणजे २०१६ चा स्थावर संपदा कायदा. त्याच्या कलम १४(३) नुसार दोष कळवायचा हक्क घर घेणाऱ्याचा आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत त्याने दोष कळवला, की बिल्डरने जादा पैसे न घेता ३० दिवसांत तो दुरुस्त करायचा; नाही केला तर नुकसानभरपाई द्यायची. सोसायटी नोंदली गेली आहे का, हा प्रश्नच तिथे येत नाही. कलम ३१ खाली महारेराकडे, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाकडे, एकटा माणूस तक्रार करू शकतो. अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क ५ हजार रुपये आहे. संघटना असेल तर तीही करू शकते, पण ती नाही म्हणून तुमचा हक्क थांबत नाही.

थांबत नाही ते घड्याळही. ५ वर्षं मोजायची ती तुमच्या ताब्याच्या तारखेपासून. सोसायटी चौथ्या वर्षी झाली, नवी कमिटी निवडून यायला, तिला कागद मिळायला आणखी काही महिने गेले, की हातात किती उरलं ते ज्याने त्याने बोटांवर मोजावं. थांबण्यात फायदा कोणाचा, तेही मग वेगळं सांगायला नको. शिवाय सोसायटी ‘अजून झाली नाही’ ही काही आपोआप घडलेली गोष्ट नव्हे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या रेरा नियमांप्रमाणे ५१ टक्के सदनिकांचं बुकिंग झालं, की ३ महिन्यांत सोसायटी नोंदणीसाठी अर्ज करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. आमच्याकडे ताबे सुरू झाले तेव्हाच निम्म्याहून कितीतरी जास्त फ्लॅट विकलेले होते. ज्याने स्वतःचं काम वेळेवर केलं नाही, त्याच्या उशिराचं कारण देऊन आपण आपली तक्रार मागे का ठेवायची?

‘कमिटी आहे ना, ती पाठपुरावा करते.’ आमच्या कमिटीत तीन जण होते. दोघे बिल्डरच्या ऑफिसात नोकरीला, तिसरा त्यांचा न विकलेल्या फ्लॅटांचा एजंट. मेंटेनन्सचं काम ज्या कंपनीकडे, ती बिल्डरच्याच घरातली. मी या तिघांना वाईट म्हणत नाही. महिन्याच्या शेवटी पगार देणाऱ्याला नोटीस पाठवा, असं त्यांना सांगणंच चुकीचं होतं.

पोडियमचा, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या मजल्याचा, सांधा खाली पार्किंगमध्ये गळायचा. पहिल्या पावसाळ्यात तिथे एक निळी बादली ठेवली. दुसऱ्या पावसाळ्यात शेजारी दुसरी आली. वॉचमन काका सकाळ-संध्याकाळ त्या ओतायचे. मग दिवाळीच्या आधी दुरुस्ती झाली आणि ग्रुपवर कमिटीच्या आभाराचे हात जोडले गेले, त्यात माझेही होते. मार्चमध्ये मी वर्षाचा हिशेब मागितला. तीनदा मागितल्यावर दोन पानं मिळाली. दुसऱ्या पानावर लिफ्टच्या एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) खाली एक ओळ होती : पोडियम वॉटरप्रूफिंग, १ लाख ८५ हजार रुपये. ताब्याच्या वेळी आम्ही सगळ्यांनी दोन वर्षांचं मेंटेनन्स आगाऊ भरलं होतं, त्यातून ते गेले होते. कायद्याने बिल्डरने स्वखर्चाने करायचं काम आम्ही आमच्या पैशाने करून घेतलं होतं, आणि वर आभारही मानले होते.

ही एक ओळ तुमच्याही हिशेबात शोधा. वॉटरप्रूफिंग, बाहेरच्या भिंतींच्या भेगा, ड्रेनेजची लाइन बदलणं, पंप बदलणं, लिफ्टचा मोठा पार्ट अशा नावांनी ती येते. झाडलोट, वीज, सिक्युरिटी हा मेंटेनन्सचा खर्च. मुळातच वाईट झालेलं काम पुन्हा करणं हा मेंटेनन्स नव्हे. संघटनेने कारभार हाती घेईपर्यंत आवश्यक सेवा वाजवी दरात चालवण्याची जबाबदारी बिल्डरची आहे, आणि पैसे आपले आहेत, तेव्हा हिशेब मागताना संकोच करायचं काही कारण नाही. सोसायटी नोंदली गेल्यावर तर शेवटचा तपासलेला ताळेबंद आणि सभेचं इतिवृत्त पाहण्याचा हक्क सभासदाला सहकार कायद्यानेच दिलाय.

‘पाच वर्षं फक्त स्ट्रक्चरला.’ कलमात इमारतीच्या सांगाड्यातले दोष आहेत, त्याबरोबर कामाचा दर्जा, कारागिरी, पुरवलेल्या सेवा आणि करारातल्या इतर जबाबदाऱ्यांमधले दोषही आहेत. माझ्या बेडरूमची भिंत बाथरूमला लागून आहे. स्कर्टिंगच्या वर वीतभर उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटायचे आणि खाली पांढरा लोणा धरायचा. साइट इंजिनियरने दोनदा पुट्टी मारून रंग दिला, दोन्ही वेळा तीन महिन्यांत जैसे थे. शेवटी ओळखीच्या एका प्लंबरने बाथरूमची जाळी बंद करून जमिनीवर पाणी भरून ठेवलं, कडेला पेन्सिलने रेघ मारली आणि उद्या या वेळी बघा म्हणाला. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या बोटभर खाली गेलं होतं, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली होती. सनकन स्लॅबचं, म्हणजे बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबचं, वॉटरप्रूफिंगच नीट नव्हतं. हा कारागिरीचा दोष, सरळ त्या कलमात बसणारा. बिल्डर त्याला ‘वापरामुळे’ म्हणत होता. त्या पेन्सिलच्या रेघेचा तारखेसह काढलेला फोटो नसता तर मी काय बोलले असते, कोण जाणे.

एक गोष्ट मात्र या मजकुरात नाही आणि असायला हवी होती. बऱ्याच करारांत अट असते की बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय टाइल, प्लंबिंग किंवा भिंतीची तोडफोड केली तर त्या दोषाची जबाबदारी त्याच्यावर राहत नाही. म्हणून आधी पत्र, मग हातोडा. घाईने स्वतः दुरुस्ती करून घेणाऱ्यांचे हात इथेच बांधले जातात. आणि तुमचा प्रकल्प रेराच्या आधी पुरा झालेला असेल, तर १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा जुना फ्लॅट मालकी कायदा आहे, त्यात मुदत ३ वर्षांची आहे.

ताबापत्रावरच्या सहीचं उत्तर छोटं आहे. ५ वर्षं सुरूच होतात ताब्याच्या दिवशी. त्या दिवशीच्या सहीने हक्क संपत असता तर ती ५ वर्षं कायद्यात कशाला घातली असती? आम्ही एप्रिलच्या उन्हात कोरडी भिंत बघून सही केली. गळती जूनमध्ये दिसली. न दिसलेल्या दोषाला कोणी मान्यता देऊ शकत नाही.

‘मुदत संपत नाही.’ या विधानामागे एक खरा निकाल आहे, म्हणूनच ते जास्त फसवं आहे. मुंबईच्या समृद्धी सोसायटीला बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, मिळवून दिलं नव्हतं. त्यामुळे रहिवाशांना २५ टक्के जादा मालमत्ता कर आणि ५० टक्के जादा पाणीपट्टी भरावी लागत होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्यांची तक्रार मुदतबाह्य म्हणून फेटाळली. ११ जानेवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं : प्रमाणपत्र न देणं हे रोज चालू राहणारं उल्लंघन आहे, म्हणून तक्रार मुदतीत आहे. तो निकाल भोगवटा प्रमाणपत्राबद्दल आहे. तुमच्या बाथरूमच्या गळतीला तो आपोआप लागू होईल असं धरून कोणी बसू नये. ग्राहक आयोगात कारण घडल्यापासून २ वर्षांत जावं लागतं, रेराची ५ वर्षं ताब्यापासून. रेरा असला तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येच सांगितलंय, पण दोन्हीकडे तारीख आधी बघतात.

‘बिल्डर चिडला तर सोसायटी करून देणार नाही.’ माझ्या सासऱ्यांच्या पिढीला ही भीती खरी होती, त्यांनी वर्षानुवर्षं कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर व्हावी म्हणून, खेटे घातले. आता मोफाच्या कलम १० मध्ये वाट आहे. बिल्डरने मुदतीत अर्ज केला नाही, तर सदनिकाधारक स्वतः अर्ज करतात आणि बिल्डरची बाजू ऐकून सोसायटी नोंदवायचा आदेश निघू शकतो. सहकार खात्याच्या उपनिबंधकांच्या ऑफिसात याला बिल्डर असहकाराचा प्रस्ताव म्हणतात. जमिनीच्या बाबतीतही कलम ११ खाली मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरने टाळलं तरी मिळणारं कन्व्हेयन्स, आहे. म्हणजे सोसायटी हे बिल्डरने खूश होऊन द्यायचं बक्षीस नाही. रहिवाशांची संघटना बिल्डरच्या हाताबाहेर असली की काय होतं, ते नोएडाच्या एमराल्ड कोर्ट या गृहसंकुलाने दाखवलं. बागेच्या जागेत उठलेल्या दोन टॉवरांविरुद्ध तिथली संघटना २०१२ मध्ये अलाहाबाद हायकोर्टात गेली, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकली, आणि २८ ऑगस्ट २०२२ ला ते टॉवर पाडले गेले. विषय वेगळा होता, पण बिल्डरची माणसं त्या संघटनेत बसलेली असती तर ती याचिका दाखलच झाली नसती.

भावाचा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण तो ऐकून मला राग येतो. गुरुग्रामच्या सेक्टर १०९ मधल्या चिंटेल्स पॅराडिसो संकुलातल्या एका टॉवरमध्ये १० फेब्रुवारी २०२२ ला सहाव्या मजल्यापासून खाली एकावर एक स्लॅब कोसळले. दोन बायका गेल्या. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये सळई गंजवणारं क्लोराइड सापडलं आणि तो टॉवर राहायला असुरक्षित ठरला. सळई आतून गंजत असते तेव्हा बाहेर दिसतो तो तांबूस डाग, फुगलेला गिलावा, एक बारीक भेग. ‘बोभाटा नको’ म्हणून आपण त्याच खुणांवर रंग देतो. प्रत्येक ओलीत असा धोका नसतो, बहुतेक ठिकाणी नसतोच. पण कुठे आहे आणि कुठे नाही, हे स्ट्रक्चरल ऑडिटर सांगेल, एजंट नाही.

एकत्र आलात तर बळ वाढतं, हे त्या मजकुरातलं एकच वाक्य मला मान्य आहे. पोडियम, गच्ची, लिफ्ट, अग्निशमनाचे पंप यांसाठी एकत्र सह्यांचं पत्रच द्यावं. फक्त त्याची वाट बघत स्वतःचं पत्र अडवू नये. मी माझं पत्र तिसऱ्या पावसाळ्यात दिलं : फ्लॅट नंबर, ताब्याची तारीख, कुठल्या खोलीत काय दिसतं, फोटो, कलम १४(३) आणि ३० दिवस. ईमेलने पाठवलं, आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टनेही. ग्रुपवरचा मेसेज किंवा साइट ऑफिसच्या वहीतली नोंद यांना मी पत्र म्हणत नाही, ती वही आमच्याकडे मधेच हरवली होती. एकविसाव्या दिवशी माणसं आली, बाथरूम पूर्ण उघडलं, नवं वॉटरप्रूफिंग केलं आणि टाइल लावायच्या आधी चोवीस तास पाणी भरून दाखवलं. पेन्सिलची रेघ यावेळी मीच मारली. पोडियमच्या १ लाख ८५ हजारांसाठी चाळीस घरांच्या सह्यांचं पत्र गेलंय, त्याचं उत्तर आलेलं नाही, आता महारेराच्या सलोखा मंचाकडे अर्ज करतोय.

बी विंगमधल्या काकांना आमच्या आधी ताबा मिळाला होता. त्यांची ५ वर्षं येत्या नोव्हेंबरात भरतात आणि त्यांनी अजून एक ओळही लिहिलेली नाही. रविवारी सकाळी मी आणि खालच्या काकू त्यांच्याकडे कागद घेऊन जाणार आहोत.