प्लेस्टेशन ६ : मला २०२८ पटते

सोनीचे पुढचे गेमिंग कन्सोल, म्हणजे प्लेस्टेशन ६, नोव्हेंबर २०२७ मध्ये येणार, असे सध्या इतक्या ठामपणे लिहिले जाते की जणू सोनीने तारीख छापूनच ठेवली आहे. हिशेब सोपा आहे. तिसरे प्लेस्टेशन नोव्हेंबर २००६ मध्ये आले, चौथे नोव्हेंबर २०१३ मध्ये आणि पाचवे नोव्हेंबर २०२० मध्ये. त्यात आणखी सात वर्षे मिळवली की झाले. माझा कौल मात्र २०२८ ला आहे, आणि त्याचे कारण आहे मेमरीचा भाव.

प्रोसेसरचे काम अडलेले दिसत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्लेस्टेशनच्या रचनेचे प्रमुख, सोनीचे मार्क सर्नी आणि चिप बनवणाऱ्या एएमडी कंपनीचे जॅक हुइन यांनी न्यूरल अ‍ॅरे, रेडियन्स कोअर आणि युनिव्हर्सल कॉम्प्रेशन या ग्राफिक्स चिपसाठीच्या तीन नव्या तंत्रांची माहिती दिली. ही तंत्रे काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये आणण्याची उत्सुकताही सर्नींनी बोलून दाखवली. चर्चा झाली ती रेडियन्स कोअरची, कारण प्रकाश आणि प्रतिबिंबे डोळ्यांना दिसतात. मला मात्र युनिव्हर्सल कॉम्प्रेशन अधिक मोलाचे वाटते. ग्राफिक्स चिप आणि मेमरी यांच्यात सतत ये-जा करणारा डेटा शक्य तिथे आकुंचित करून पाठवला, तर तेवढ्याच वेगाच्या मेमरीकडून जास्त काम करून घेता येते, आणि एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस मेमरी कशी कडाडली हे संगणक जुळवणाऱ्या कोणालाही विचारावे. तरीही पाचव्या प्लेस्टेशनच्या १६ जीबी मेमरीवर पुढची पिढी भागवता येणार नाही. कन्सोल जुने होईल तसे स्वस्त होते, हा आपला जुना अनुभव. इथे मात्र जवळपास पाच वर्षांच्या पाचव्या प्लेस्टेशनची किंमत अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये ५० डॉलरने वाढवावी लागली. अशा बाजारात नवे यंत्र उतरवण्याची घाई सोनी कशाला करील?

रचनेबाबत माझा आग्रह डिस्कचा आहे. पाचव्या प्लेस्टेशनच्या २०२३ च्या स्लिम मॉडेलमध्ये डिस्क ड्राइव्ह बाजूचे आवरण काढून खटकन बसवता येते आणि ती सोय नव्या यंत्रात राहायलाच हवी. फक्त ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून नोंदणी करण्याची सक्ती काढून टाकावी. एक गेम संपवून, ती विकून दुसरी घेणाऱ्या आपल्याकडच्या खेळाडूला डिस्कविना कन्सोल परवडणारच नाही.

आणखी एक गोष्ट, जी अमेरिकेतल्या चर्चेत कोणी काढत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेले पाचव्या प्लेस्टेशनचे प्रो मॉडेल तेव्हा भारतात विकलेच गेले नाही, कारण त्यातल्या वाय-फाय ७ साठी लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याला इथे परवानगी नव्हती. एका वायरलेस पट्ट्यापायी अख्खे यंत्र अडावे, हे मला अजून पटलेले नाही. नव्या कन्सोलमध्ये तेवढा भाग देशानुसार बंद ठेवण्याची सोय आराखड्यातच असावी, मग ते २०२७ मध्ये येवो की २०२८ मध्ये.